मनीप्लांटचे पांढरे पट्टे का जातात?

प्रश्न : पांढऱ्या-हिरव्या मनीप्लांटला नवी पानं नुसती हिरवी येताहेत, जुन्यांच्या कडा करपताहेत. काय करावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. त्यामुळे हिरवी फांदी जोमानं वाढते आणि पट्टेदार फांदीला मागे टाकते. ती हिरवी फांदी छाटायला जीव होत नाही, पण छाटाच. शेवटच्या पट्टेदार पानाच्या पेराच्या किंचित वर. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा.

कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय का, पाहा. असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार नडताहेत. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं प्यायचं पाणी द्या. आरओतून वाया जाणारं अजिबात नको, त्यात क्षार जास्तच. वरची बोटाच्या दोन पेरांएवढी माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला. उन्हाळ्यात कूलरचा झोतही पानांवर नको.