कॉलेज आणि कारखान्याने मिळून काही बनवलं तर पेटंट दोघांच्या नावे घ्यावं का?

नको. ‘निम्मं-निम्मं’ ऐकलं की माझं अजूनही डोकं फिरतं.

मी सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही पाइलच्या (टॉवेलवरच्या लूपच्या धाग्यांच्या) बीमचा ताण सांभाळणारी जोडणी बनवली. टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभे धागे (ताणा) गुंडाळलेले रूळ. ग्राउंडचा, म्हणजे मूळ कापडाचा ताणा घट्ट, पाइलचा सैल. पाइल जरा ओढला गेला की लूप बुटके होतात, टॉवेल वजनात मार खातो आणि व्यापारी माल परत धाडतो. दोन उन्हाळे पोरांना घेऊन त्या खडखडाटात बसलो. खरी मेख दाखवली ती तिथल्या जॉबरने, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराने. ताण्यावर नुसतं बोट टेकवून म्हणाला, ‘‘सर, बीम भरलेला असताना बघू नका, संपत आल्यावर बघा.’’ आमचे सगळे आकडे भरलेल्या बीमचे होते!

कराराच्या वेळी विभागप्रमुख म्हणाले, ‘‘दोघांच्या नावे घ्या, वाटून घेतलं की भांडण नाही.’’ शाल, श्रीफळ, फोटो. पुढे पेटंट मिळालं. मालकांनी आपल्या मागांवर जोडण्या बसवल्या, कॉलेजला दमडी नाही. आणि ते कायद्यानेच वागले. पेटंट कायदा १९७०, कलम ५०: सहमालक स्वतःसाठी खुशाल वापरतो, दुसऱ्याला हिशेब देणं लागत नाही. तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र दुसऱ्या सहमालकाची संमती हवी. दुसरे एक कारखानदार पैसे घेऊन आले, तेव्हा आमचे मालक म्हणाले, ‘‘माझ्याच गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्याला मी हत्यार देऊ?’’ कॉलेजकडे कुठे माग आहेत? आमचं निम्मं फ्रेम करून भिंतीवर.

मालकी कॉलेजकडे ठेवा, कारखान्याला परवाना द्या. किती वर्षं, कशासाठी, दर जोडणीमागे किती रॉयल्टी, सगळं लिहून. हेच मी त्या बैठकीत म्हणालो होतो, इतिवृत्तात आहे.

हां, करारात वेगळं ठरलं असेल तर कलम ५० चा हा नियम आड येत नाही. म्हणजे एक पान जास्त लिहिलं असतं तर निम्म्यातही निभावलं असतं. आणि सगळा खर्च कारखान्याचा असेल तर ते मालकी सोडतील ही आशा धरू नका.

शोधकांच्या यादीत जॉबरचं नाव घाला. आमच्याकडे ते राहून गेलं. विभागप्रमुखांचं पहिलं आहे.