कण वितळत नाहीत, हे आधी पक्कं करून घ्या
नवीनच सायन्स शिकवायला लागलाय ना, मग एक सांगतो, स्थायू-द्रव-वायूच्या व्याख्या पाठ करून घेण्यात तास घालवू नका. खरी गडबड कणांशी होते. बर्फ वितळला म्हणजे कणही वितळले, पाणी तापलं की कण फुगले, असं बऱ्याच पोरांना वाटतं. रेणू तोच असतो हो, बदलतं ते त्यांचं हलणं आणि आपसातलं अंतर.

वर्गात बिनसुईची सिरिंज न्या, पुढचं भोक बोटाने घट्ट दाबून दट्ट्या ढकलायला सांगा, आत हवा असेल तर बराच आत जातो आणि सोडला की मागे येतो, पाणी भरलं तर जागचा हलत नाही. हाताला जे कळतं ना ते फळ्यावर नाही कळत. मग आकडा सांगा, १ मिली पाण्याची १०० अंशाला वाफ झाली की साधारण १७०० मिली जागा लागते, रेणू तेवढेच!

आणि आकृतीत द्रवातले कण लांब लांब काढू नका प्लीज, ते जवळजवळ चिकटूनच असतात, फक्त एकमेकांवरून सरकतात. बर्फ का तरंगतो असं कोणी विचारलंच तर टाळू नका, बहुतेक पदार्थांचा स्थायू स्वतःच्याच द्रवात बुडतो, पाणी त्याला अपवाद आहे, म्हणून वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा तुकडा टाकून दाखवा, तो सरळ बुडतो.