‘रोलिंग ब्रेक’ला मराठीत काय म्हणावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या शैलींसाठी संगणकावर ठेका कसा रचायचा, यावर मराठीत लिहायचं आहे. तिथे पावलोपावली येणाऱ्या ‘रोलिंग ब्रेक’साठी ‘फिरता खंड’, ‘घरंगळता तुकडा’ आणि (तबल्यातला) ‘रेला’ असे तीन पर्याय सुचले आहेत. यातला कुठला वापरावा?

माझं मत आधीच सांगतो. तिन्ही नकोत. ‘ब्रेक’ तसाच ठेवा आणि ‘रोलिंग’साठी ‘वाहता’ म्हणा: वाहता ब्रेक.

आता कारणं. मराठीत ‘ब्रेक’ कधीचा रुळलाय, पण वेगळ्या अर्थांनी. गाडीचा ब्रेक, जाहिरातींचा ब्रेक, एखाद्या नटाला मिळालेला पहिला ब्रेक. यातल्या पहिल्या दोन अर्थांनी आपला घोटाळा होतो, कारण दोन्हीकडे काहीतरी थांबतं. ‘खंड’ हा शब्द त्यातूनच सुचला असणार. पण संगीतातल्या ब्रेकमध्ये ठेका थांबत नाही. बाकीचे सगळे थांबतात आणि ड्रमर एकटा ठेका चालू ठेवतो, ती जागा म्हणजे ब्रेक. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांच्या लक्षात आलं, की नाचणारी पोरं नेमकी याच जागेची वाट बघतात. मग ते एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी-शेजारी लावून ही काही सेकंदांची जागा हवी तेवढी लांबवू लागले. तोवर ब्रेक ही गाण्यातली एक जागा होती. तिथून पुढे ती उचलून दुसरीकडे नेता येईल अशी वस्तू झाली.

लावणी ऐकणाऱ्याला इथे ‘तोडा’ आठवेल. गाणारी थांबते आणि ढोलकीवाला मोकळा सुटतो. जागा तीच आहे, हे खरं. पण तोडा सादर करण्यासाठी असतो, तो रंगत रंगत समेवर येऊन संपतो आणि तिथे शिट्ट्या पडतात. ब्रेकमधला ड्रमर काही सादर करत नसतो, ठेकाच वाजवत असतो. म्हणून तर तो ब्रेक कापून, जोडून अख्ख्या गाण्याखाली अंथरता येतो. तोड्याचं तसं करून बघा, दुसऱ्या फेरीलाच कान कंटाळतील.

या शैलींचा कणा झालेला ब्रेक म्हणजे ‘अमेन ब्रेक’. द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ सालच्या ‘अमेन, ब्रदर’ या गाण्यात तो आहे. लांबी जेमतेम सात सेकंद, चार बार, म्हणजे चार आवर्तनं. वाजवणारे होते ग्रेगरी कोलमन. २००६ साली ते वारले, आणि हजारो गाण्यांत वाजलेल्या या ठेक्याचं मानधन त्यांना कधी मिळालं नाही. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंड गोळा केले, तीच काय ती परतफेड. अशा गोष्टीला ‘खंड’ म्हणणं मला म्हणूनही पटत नाही. त्या शब्दात वाजवणारा माणूसच नाहीसा होतो.

हा ब्रेक कागदावर मांडला की ‘रोलिंग’ म्हणजे काय ते कळतं. ठेका रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बारची १६ घरं असतात. अमेनच्या पहिल्या दोन बारमध्ये किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, १, ३, ११ आणि १२ या घरांत पडतो. स्नेअरचे, म्हणजे काठीने वाजणाऱ्या करकरीत लहान ड्रमचे, दणदणीत ठोके ५ आणि १३ वर. शिवाय ८, १० आणि १६ वर त्याच स्नेअरचे हलके ठोके, ज्यांना ‘घोस्ट नोट’ म्हणतात. वरून झांज एक घर सोडून एक वाजत राहते.

तबला शिकलेल्यांनी ही घरं पुन्हा एकदा वाचावीत. तीनतालाच्याही मात्रा सोळाच: टाळ्या १, ५ आणि १३ वर, आणि ‘खाली’, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली जागा, ९ वर. अमेनमध्ये पहिल्या घरात किक, पाचव्या-तेराव्यात स्नेअर, आणि नवव्यात किक नाही की स्नेअर नाही, नुसती झांज! यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध काहीही नाही, तसा कोणी जोडूही नये. पण मराठी वाचकाला समजावताना याहून सोपी वाट मला दिसत नाही. ‘खालीच्या दोन्ही बाजूंना हलका ठोका’ असं म्हटलं, की ८ आणि १० लगेच हाताला सापडतात.

आता एक प्रयोग करा. किक फक्त १ आणि ११ वर ठेवा, स्नेअर ५ आणि १३ वर, बाकी सगळं पुसून टाका. वेग मिनिटाला १७० ठोके, एक ठोका चार घरांचा. हा ड्रम अँड बेसचा सगळ्यात साधा सांगाडा. तो खणखणीत वाजतो, पण एकेक पाऊल टाकत चालतो. मग ८, १० आणि १६ वर हलके स्नेअर घाला. मोठ्या ठोक्याचा जोर १२७ पैकी १२०च्या आसपास असेल, तर यांचा ३० ते ४५च्या मध्ये, आणि तिघांचाही वेगवेगळा. या वेगाला एक घर सुमारे ८८ मिलिसेकंदांचं होतं, म्हणून एखादा हलका ठोका पाच-सात मिलिसेकंद मागे सरकवला तरी फरक कानाला कळतो. एवढं केलं की तोच सांगाडा पुढे सरकू लागतो. दोन मोठ्या ठोक्यांमधली जागा रिकामी राहत नाही आणि गच्चही होत नाही. या गुणाला इंग्रजीत ‘रोलिंग’ म्हणतात.

त्यामुळे ‘रेला’ इथे बसत नाही. रेल्यात धिरधिर किटतकसारखे बोल दाट, एकसारखे, अंगावर येतात, आणि त्या एकसारखेपणातच त्याचं सौंदर्य आहे. वाहत्या ब्रेकचं सगळं सामर्थ्य ठोक्यांच्या लहान-मोठेपणात आहे. सगळे ठोके सारख्या जोराने वाजवले तर तो रेल्याच्या जवळ जाईल, पण ब्रेक मरेल. ‘रोल’ ऐकून ताशाची तर्री आठवणंही साहजिक आहे. ड्रम रोलला तर्री म्हणायला माझी काहीच हरकत नाही, उलट आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना तो वापरायलाच हवा. मात्र ‘रोल’ हा वाजवण्याचा प्रकार आणि ‘रोलिंग’ हा ठेक्याचा गुण. बराच गोंधळ हे दोन एक समजल्यामुळे होतो.

मग विशेषण कोणतं? ‘फिरता’ म्हटलं की फिरतं वाचनालय, फिरता चषक. त्यात जागा बदलणं आहे, ओघ नाही. ‘घरंगळता’मध्ये ताबा सुटलेला आहे, कोलमन यांचा ताबा तर क्षणभरही सुटत नाही. ‘धावता’ मला बराच काळ बरा वाटत होता, पण धावती भेट, धावता आढावा यांत घाई आणि वरवरपणा आहे. ‘झुलता’ स्विंगसाठी, म्हणजे झोके घेत चालणाऱ्या ठेक्यासाठी, राखून ठेवावा, तिथे तो चपखल बसतो. उरतो ‘वाहता’. वाहता रस्ता म्हणजे ज्याची रहदारी तुटत नाही असा रस्ता. अखंडपणा, पुढे जाणं आणि वेगाचा धाक नसणं, तिन्ही त्यात आलं. त्याची क्रियापदंही आयती मिळतात: ब्रेक वाहतो, वाहता करायचा, वाहता ठेवायचा. इंग्रजी संज्ञेत नसलेली ही सोय आहे.

‘तुकडा’ का नको, तेही सांगतो. तबल्यात तुकडा ही समेवर येणारी रचना आहे, आणि तुमचा अर्धा वाचकवर्ग तबल्याकडूनच येणार. इथे ब्रेक चिरून त्याचे वेगळे ठोके हाताशी घेण्यासाठी शब्द हवा आहे. त्याला ‘काप’ म्हणा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पोरं अकाई सॅम्प्लर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) आणि अटारी संगणकावर हेच करत होती: ब्रेकचे काप करायचे, क्रम बदलायचा, वेग वाढवायचा. सॅम्प्लरवर वेग वाढवला की सूरही चढतो. मूळचा सुमारे १३७चा अमेन १६५वर नेला, तर षड्जाच्या जागी साधारण कोमल गंधार येतो. जंगलमधला तो चिरका, उतावीळ स्नेअर इथून आला.

कापांचा क्रम लावताना मूळ ब्रेकचा तिसरा आणि चौथा बार नीट ऐका. तिसऱ्यात शेवटचा मोठा स्नेअर दोन घरं उशिरा पडतो, चौथ्यात पहिलं घर मोकळं सोडलंय आणि मोठी झांज अपेक्षेआधीच वाजते. चार बारमध्ये पहिला बार चार वेळा चिकटवला तर ठेका अडत नाही, पण वाहतही नाही. तिसऱ्या-चौथ्यातले दोन-तीन काप मध्ये पेरले की लगेच जिवंत होतो.

‘जंगल’बद्दल एवढंच, की शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेलाय, तेव्हा लिहिताना बिचकू नका; फक्त पहिल्या वेळी ‘जंगल शैली’ म्हणा, नाहीतर वाचकाला पाखरांचे आवाज अपेक्षित असतील. तबल्याचे शब्द या संगीतात उपरे वाटतील ही भीतीही नको. टॅल्विन सिंग यांनी लंडनमध्ये तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र आणले, आणि त्यांच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्कमध्ये कर्श काळे यांनीही हीच वाट धरली.

शेवटी लिंगाचं. ‘ब्रेक’ पुल्लिंगी, गाडीच्या ब्रेकसारखाच: तो ब्रेक, ते ब्रेक, ब्रेकचे काप. ‘किक’ एकटी लिहिलीत तर स्त्रीलिंगी ठेवा, मोटारसायकलच्या किकची सवय आहे; मी वर पुल्लिंग केलं ते ‘ड्रम’ धरून. ‘स्नेअर’ पुल्लिंगीच बरा, कारण मागे ‘ठोका’ अध्याहृत असतो. वाक्य असं होईल: ‘अमेनचे काप करून घ्या, किक पहिल्या आणि अकराव्या घरात ठेवा, आणि हलक्या स्नेअरने ब्रेक वाहता करा.’