इंग्लंडमधल्या शाळेतून मुलाला वागण्यावरून सारखं घरी पाठवतात. काउन्सिल (स्थानिक प्रशासन) काही मदत करते का?

करते, पण मागावी लागते. आधी एक गोष्ट: ‘आज जरा शांत होऊ दे, घेऊन जा’ असं नुसतं तोंडी सांगून घरी पाठवणं इथे बेकायदाच आहे. निलंबन फक्त मुख्याध्यापक करू शकतात, तेही लेखी कारण देऊन, आणि शालेय वर्षात जास्तीत जास्त ४५ दिवस. कायमचं काढलंच, तर त्यानंतरच्या शाळेच्या ६व्या दिवसापासून पूर्णवेळ शिक्षणाची सोय काउन्सिलने करायची असते.

वागण्यामागे ऑटिझम, एडीएचडी असं काही असेल असं वाटलं, तर ईएचसी तपासणीसाठी (मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची कोणती जादा मदत लागते ते पाहणारी तपासणी) काउन्सिलला तुम्हीच पत्र लिहा. शाळेचा होकार लागत नाही. ६ आठवड्यांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे (तरी तारीख लिहून ठेवा). शाळेतल्या मीटिंगआधी सेंडियासला (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना सल्ला देणारी सेवा) फोन करा, सल्ला मोफत मिळतो.