वारसनोंद बाकी, मोसंबी मात्र तोडणीला

प्रश्न : पती गेल्या महिन्यात वारले. अंबड तालुक्यात त्यांच्या एकट्याच्या नावावर दोन एकर मोसंबी आहे. आंबिया बहार तोडणीला आलाय, फळगळ सुरू झाली. दीर म्हणतात, वारसनोंदीआधी फळाला हात लावला तर कोर्टात खेचू. घरात सासूबाई, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी आहे.

उत्तर : ताई, तोडणी थांबवू नका. वारसनोंदीच्या फेरफाराच्या (सातबारावरील नावबदलाच्या) नोटिशीतच पंधरा दिवस जातात. गळलेल्या फळाला तोवर कोणी विचारणार नाही. मृताचा माल जपण्यासाठी किंवा घराच्या तातडीच्या गरजेसाठी केलेला व्यवहार बेकायदा कारभार ठरत नाही, असे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ३०३ सांगते. शिवाय तुम्ही स्वतः वारस आहात. जमीन पतींच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुम्ही, सासूबाई, मुलगा व मुलगी यांचा सारखा हिस्सा, दिरांचा नाही. वडिलोपार्जित, न वाटलेली असेल तर त्यांचा हक्क निघू शकतो, पण तो विक्रीच्या पैशावरही सांगता येतो.

म्हणून खरी काळजी हिशोबाची घ्या. आधी बागेचा साधा पंचनामा करा : झाडांची संख्या, गळ, तारखेचे फोटो, भावकीबाहेरच्या दोघांच्या सह्या. दिरांना रजिस्टर पोस्टाने कळवा की अमुक दिवशी तोडणी आहे, जास्त भावाचे गिऱ्हाईक असेल तर आणा. दोन-तीन व्यापाऱ्यांचे भाव लिहून घ्या.

बाग उक्ती (वजन न करता ठोक रकमेत) मुळीच देऊ नका. उक्त्यात किती टन निघाला हे कोणालाच सांगता येत नाही, मग ‘भाव पाडून विकली’ हा आरोप खोडणार कसा? किलोवर द्या आणि वजनकाट्याची प्रत्येक पावती ठेवा. हिशोबपट्टी (व्यापाऱ्याने दिलेला विक्रीचा लेखी हिशोब) तुमच्या नावाने, ‘वारसांकरिता’ असा शेरा मारून घ्या. पतींच्या नावाचा चेक घेऊ नका, तो वटणार नाही. सासूबाई व मुलांची लेखी संमती घेऊन पैसे वेगळ्या खात्यात भरा. तोडणी, हमाली, वाहतूक एवढेच त्यातून द्या. पीककर्ज असेल तर विक्रीआधी बँकेला किंवा सोसायटीला लेखी कळवा, कारण पिकावर त्यांचा बोजा असू शकतो.

दिरांनी गाडीच अडवली तर वकिलामार्फत दिवाणी दावा लावा आणि त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ६ खाली अर्ज द्या. नासणारा माल लगेच विकण्याचा हुकूम कोर्ट त्याखाली देऊ शकते.