समोरच्याचा घोडा कुठे चाललाय ते आधी बघ

बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि बुद्धिबळाचा तो डाव पण पटावर लावून बघितला, एकदा नाही, तीनदा. "सर, मी यापुढे फक्त अटॅक करणार, बाकीचं बोअर होतं" असं लिहिलंयस आणि खाली एकतीस चालींत हरलेला डाव जोडलायस. तुला वाटतंय अटॅक एका चालीने कमी पडला. मला तसं नाही वाटत. जी३ वरचं प्यादं तू जी४ ला ढकललंस ना, तिथेच एफ४ या घरावरचा पहारा उठला, आणि त्याचा घोडा जी६ वर कधीचा त्याच घरावर डोळा ठेवून बसला होता. तुझा प्लॅन चांगला होता गं, पण तो घोडा तू बघितलाच नाहीस.

म्हणून आज तुला सोव्हिएत वर्ल्ड चॅम्पियन पेट्रोस्यानबद्दल लिहितो. ताल आणि फिशर या अटॅक करणाऱ्या चॅम्पियनांचे डाव तू मिटल्या डोळ्यांनी सांगतेस, पण तिग्रान पेट्रोस्यानचं नाव काढलं की तोंड वाकडं करतेस, माहितीये मला.

हा माणूस १९२९ चा, तिबिलिसीचा, आर्मेनियन घरातला. युद्धाच्या काळात आई-वडील दोघंही गेले, पोराने रस्ते झाडून पोट भरलं, कानही त्याच सुमारास बिघडले ते आयुष्यभर तसेच राहिले. पायोनियर पॅलेसमध्ये, म्हणजे सोव्हिएत मुलांच्या क्लबमध्ये, एब्रालिद्झे नावाचे कोच भेटले आणि निम्झोविच या जुन्या मास्टरच्या लिखाणाची गोडी लागली. समोरच्याचा बेत जन्माला यायच्या आधीच मोडून काढायचा, ज्याला आपण प्रोफिलॅक्सिस म्हणतो, ते त्याच्या अंगात तिथून मुरलं. मला मात्र नेहमी वाटत आलंय की ज्या पोराचं सगळं एका झटक्यात गेलं त्याला "पुढे काय वाईट होऊ शकतं" हा प्रश्न कोणी शिकवावा लागला नसेल.

१९६३ मध्ये मॉस्कोत त्याने तेव्हाच्या चॅम्पियन बोटविनिकला १२.५-९.५ ने हरवून वर्ल्ड टायटल घेतलं. १९६६ मध्ये चॅलेंजर स्पास्कीविरुद्ध ते राखलं, आणि हे साधं नव्हतं, कारण गादीवर बसलेल्या चॅम्पियनने मॅच सरळ जिंकून टायटल राखण्याची गोष्ट १९३४ मध्ये अलेखिनने केली त्यानंतर कोणालाच जमली नव्हती. १९६९ मध्ये त्याच स्पास्कीने ते काढून घेतलं. ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या टीम स्पर्धेत, तर दहा वेळा सोव्हिएत टीमकडून खेळला, १२९ डाव, त्यात ७८ जिंकले, ५० ड्रॉ आणि हार फक्त एक, १९७२ मध्ये स्कोप्येला ह्यूबनरकडून. एक! १२९ मध्ये! हे वाचून मी अजूनही दोन मिनिटं गप्प बसतो.

आता तू म्हणशील ड्रॉच तर करायचा. हो, करायचा, आणि कधीकधी नको इतके करायचा. १९५५ च्या सोव्हिएत चॅम्पियनशिपमध्ये १९ डावांत एकदाही हरला नाही पण जिंकले फक्त चार. १९६२ च्या कुरसाव कँडिडेट्समध्ये, म्हणजे चॅम्पियनशी कोण खेळणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, तो, केरेस आणि गेलर यांनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले आणि बरेचसे लवकर आटोपले, ते मला आजही आवडत नाही आणि तू त्यातलं काही उचलू नयेस. पण त्या ड्रॉमुळे लोकांनी त्याला भित्रा ठरवलं ना, ते साफ चुकीचं आहे.

पट काढ. झुरिक १९५३, रेशेव्स्की पांढरा, पेट्रोस्यान काळा. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई५ वर, मागे दोन उंट आणि हत्ती, म्हणजे मधली प्यादी पुढे सरकायला लागली की काळा चिरडला जाणार. काळ्याला वाचवणारी जागा एकच, डी५. तिथे घोडा जाऊन बसला की सगळं थांबतं. पण घोडा सी६ वर, त्याला ई७ वरून जायचंय आणि ई७ वर स्वतःचाच हत्ती आडवा उभा. आपण काय करू? हत्ती मागेबिगे घेऊ कुठेतरी सुरक्षित. त्याने २५ व्या चालीला तो उचलून ई६ वर ठेवला, सरळ उंटाच्या तोंडात!

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वाटलं छापताना चूक झालीये. अख्खी संध्याकाळ पटासमोर बसून होतो. मग हळूहळू कळत गेलं. उंटाने हत्ती खाल्ला की एफ७ वरचं प्यादं ई६ वर येतं आणि डी५ ला कायमचा आधार मिळतो. आणि उंट गेला म्हणजे त्या घरांवर नजर ठेवणारा पांढऱ्याचा पहारेकरीच गेला. रेशेव्स्कीने लगेच नाही खाल्ला, आधी ए४ खेळला, मग खाल्ला. घोडा डी५ वर जाऊन बसला, काळ्याचा उंट डी३ वर घुसला, शेवटी रेशेव्स्कीला हत्ती देऊन तो उंट काढावा लागला आणि डाव बरोबरीत सुटला. हत्ती उंटाहून मोठा हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. त्या घरावर त्या क्षणी मात्र घोडा हत्तीहून मोठा होता. एवढी जोखीम घेणारा माणूस भित्रा कसा असेल तूच सांग.

आणि अटॅक त्याला येत नव्हता असंही नाही. १९६६ च्या मॅचचा दहावा डाव बघ, ३० व्या चालीला वजीर थेट एच८ वर शह देत टाकला, राजाने मारला तर घोड्याच्या शहाने वजीर परत येतो आणि वर सगळं संपतं. स्पास्कीने तिथेच डाव सोडला. पण तो वजीर पडायच्या आधी काळ्याची सुटका व्हायच्या वाटा एकेक करून बंद झालेल्या आहेत, ते काम आधीच्या चालींत शोध.

अजून एक डाव सांगतो आणि हा खास तुझ्यासाठी. अ‍ॅमस्टरडॅम, १९५६, कँडिडेट्स, समोर ब्रॉनस्टाईन. पेट्रोस्यानने त्याला असं जखडून ठेवलं होतं की बिचारा एक घोडा तेवढा इकडून तिकडे हलवत होता, दुसरं काही करताच येत नव्हतं. त्या घोड्याने फिरता फिरता एकदा वजिरावर हल्ला केला. पेट्रोस्यानने तो बघितला नाही, आपला घोडा जी५ वर नेला, आणि ब्रॉनस्टाईनने वजीर उचलला. डाव खलास. जगात समोरच्याच्या चाली सगळ्यात बारकाईने बघणारा माणूस, आणि त्या एका चालीला "तो काय करतोय" हे विचारायचं राहिलं. म्हणजे हे अंगात मुरलेलं असलं तरी प्रत्येक चालीला नव्याने करावं लागतं. तुझ्या जी४ वरून मला हाच डाव आठवला.

तर आता काय करायचं ते ऐक. पुढचे दहा डाव, ऑनलाइन असोत की समोर बसून, घड्याळ दाबलेलं ऐकलं की आधी त्याच्या बाजूने बघायचं, "मी आत्ता काहीच केलं नाही आणि परत त्यानेच चाल केली तर तो काय खेळेल?" उत्तर मिळेपर्यंत हात मांडीवर. मग तुझा अटॅक. अटॅक सोड असं मी कधीच म्हणणार नाही, तुझी ती धार मला फार आवडते. ब्लिट्झ, म्हणजे ते काही मिनिटांचे झटपट डाव, थोडे दिवस बंद, त्यात हा प्रश्न विचारायला वेळच मिळत नाही.

आणि १९८१ चा टिलबर्गचा डाव पण लाव, कास्पारोव्ह विरुद्ध पेट्रोस्यान. पोरगा १८ चा, हा ५२ चा. कास्पारोव्ह सगळी ताकद घेऊन राजावर धावून गेलाय आणि म्हातारा एकेक धमकी मोजत बसलाय आणि शेवटी जिंकलाय. कास्पारोव्हच्या प्रत्येक चालीला थांबून धमकी काय होती ते वहीत लिही, कॉम्प्युटरचं इंजिन लावायचं नाही. रविवारी वही घेऊन ये, तुझा तो एकतीस चालींचा डाव पण आण, जी४ च्या आधीपासून परत खेळू, काळा मी घेतो.

तुझा,
सर