पल्सजेटच्या झडपा काही सेकंदांतच जातात, कोणता पत्रा वापरू?

तुम्ही लिहिलंय की साठ सेंटिमीटर लांबीचं पल्सजेट (नळीत एकामागून एक छोटे स्फोट करून धक्का देणारं इंजिन; त्याच्या झडपेच्या पाकळ्या हवा आत घेतात आणि स्फोटाच्या वेळी भोकं झाकतात) केलंय, पेटतं, आठ-दहा सेकंद ओरडतं आणि गप्प होतं. उघडलं की झडपेच्या पाकळ्या गेलेल्या. आधी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा लावून झाला, मग तेलाच्या डब्याचा, मग साधं स्टेनलेस. आता नेमका कोणता पत्रा घ्यायचा आणि तो मिळतो कुठे, असं विचारताय.

पत्र्याचं नाव आधीच सांगून टाकतो : ०.१५ मिमी जाडीची, पाणी दिलेली (म्हणजे तापवून, विझवून कडक केलेली) स्प्रिंग स्टीलची पट्टी. ती सगळ्यात सहज सापडते फिलर गेजच्या रूपात. मेकॅनिकच्या हातातला पात्यांचा जुडगा असतो तेच पातं, फक्त सुटं, लांब गुंडाळीत मिळतं. बहुतेक १२.७ मिमी रुंदीचं असतं. जाडी त्याच्यावर छापलेली असते आणि ती खरी असते, कारण मापाचंच तर ते हत्यार. पण नुसता पत्रा बदलून भागत नाही. माझ्या पहिल्या इंजिनात फिलर गेजच होतं आणि झडप एक मिनिटही टिकली नव्हती.

आधी तिच्यावर काय गुदरतं ते बघा. साठ सेंटिमीटरची नळी सेकंदाला साधारण २००-२५० स्फोट करते. म्हणजे तुमच्या दहा सेकंदांत प्रत्येक पाकळी दोन हजारांवर वेळा उघडली, मागच्या आधारावर आपटली आणि परत येऊन बैठकीवर, म्हणजे भोकांच्या तबकडीवर, आपटली. पाच मिनिटं चाललं तर हाच आकडा साठ हजारांच्या पुढे. नळी लांब केली की ठोके कमी होतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ या उडत्या बॉम्बचं आर्गुस इंजिन तुमच्यापेक्षा कितीतरी मोठं, ते सेकंदाला सुमारे ४५-५० ठोक्यांवर चालायचं. त्याच्याही झडपा स्प्रिंग स्टीलच्याच होत्या आणि त्याही लवकर झिजायच्या. पण लंडनपर्यंतचं उड्डाण होतं वीस-पंचवीस मिनिटांचं, तेवढ्यापुरत्या त्या पुरल्या की काम झालं! आपल्याला मात्र तेच इंजिन पुन्हा पेटवायचं असतं.

म्हणून गेलेली पाकळी फेकू नका. उजेडात, भिंगाखाली धरा. टोकाची कड दातेरी, झालर लावल्यासारखी फाटली असेल तर ती आपटून गेली. मुळापाशी, जिथे ती आवळली आहे तिथे, सरळ रेषेत तुटली असेल तर वाकून गेली. आणि टोक निळं किंवा राखाडी पडून बैठकीपासून किंचित उचललेलं असेल, बोटाने दाबलं तर दाबलेलंच राहत असेल, तर तिचं पाणी उतरलंय, म्हणजे उष्णतेने कडकपणा गेलाय. कार्बन स्टीलवर तापमान स्वतःची नोंद करून ठेवतं : पिवळट छटा साधारण २२० अंशांना येते, जांभळी २८० च्या आसपास, निळी ३०० ला. मात्र काही स्प्रिंग पट्ट्या कारखान्यातूनच निळ्या येतात, त्या बघून घाबरू नका. फिलर गेज पांढरं असतं, त्यामुळे त्याच्यावर हे रंग चांगले वाचता येतात. तुमचं डब्याचं ॲल्युमिनियम या तिन्ही कारणांनी गेलं असणार. दोनशे अंशांतच ते लोळागोळा होतं, त्याच्याकडून अपेक्षाच करू नका.

माझी पहिली झडप मुळापाशी तुटायची. मी मागच्या आधाराला एक सपाट जाड वॉशर लावला होता. पाकळी त्याच्या कडेवर गुडघा मोडल्यासारखी वाकायची. पाकळीमागचा आधार वक्र हवा, तिने त्या वळणावर हळूहळू अंग टेकत जायला हवं. वळण किती हवं, त्याचा हिशोब सोपा आहे : पोलादासाठी २,००,००० ला पाकळीच्या जाडीने गुणायचं आणि वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं, मापं मिमीमध्ये. ०.१५ जाडी आणि ६० मिमी त्रिज्या धरली तर ताण येतो २५० मेगापास्कल. चांगलं स्प्रिंग स्टील हे लाखो वेळा सोसतं. त्रिज्या २५ केली तर ताण थेट ६०० होतो, वर आपटण्याचा धक्का वेगळाच. २० मिमी लांबीची पाकळी ६० च्या वळणावर टोकाशी तीन मिमीच्या थोडी वर उघडते, तेवढं पुरतं. लेथवरून असा आधार करून घेतला आणि तीच पट्टी, तीच कात्री वापरून झडप कित्येक मिनिटं चालली. पत्रा बदललाच नव्हता.

जाड पत्रा घेतला तर जास्त टिकेल, हा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पण त्याच वळणावर जाडीच्या प्रमाणात ताणही वाढतो, हे वरच्या हिशोबातच दिसतंय. शिवाय जाड पाकळी ताठ असते. स्फोटानंतर नळीत जो थोडासा निर्वात तयार होतो त्याने ती उघडत नाही आणि इंजिन नुसतं फुरफुरतं. मी ०.२५ मिमी लावून पाहिलं, सुरू करताना हवा देणारा ब्लोअर बंद केला की इंजिनही बंद. उलट ०.१० एवढी पातळ घेतली तर स्फोटाच्या दाबाने ती भोकात दबून वाटीसारखी होते. भोकं मोठी असतील तर मधे एक पट्टी सोडून त्यांचे दोन भाग करा. पाकळीने भोकाच्या कडेवर सगळीकडून एक-दीड मिमी टेकलं पाहिजे.

आता साहित्याचे बाकीचे पर्याय. साधं ३०४ स्टेनलेस नको, ते मऊ असतं, वाकलं की तसंच राहतं. स्टेनलेसच हवं असेल तर ३०१, तेही 'फुल हार्ड' म्हणून विकतात ते, म्हणजे थंड दाबून कडक केलेलं. ओळखायची युक्ती अशी की चाळीस मिमी व्यासाच्या नळीभोवती पट्टी वाकवून सोडायची. सरळ झाली तर ठीक, बाक राहिला तर ठेवून द्या. पैसे खर्चायची तयारी असेल तर 'फ्लॅपर व्हॉल्व स्टील' या नावाने चौकशी करा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये अशाच झडपा असतात आणि त्यासाठीच ही पट्टी बनते, सँडविकचं २०सी हे त्यातलं जुनं नाव. मेजरिंग टेपचं पातं पुष्कळ जण सुचवतील. जाडी बरोबर असते, पण आडव्या छेदात ते पन्हाळ्यासारखं वळलेलं असतं, सपाट बसतच नाही. दाढीचं ब्लेड कडक आणि ठिसूळ, ते काचेसारखं फुटतं. टू-स्ट्रोक गाडीच्या कार्बन फायबरच्या रीड झडपा इथे जळतात.

कापण्यावर मात्र वेळ घाला. कात्रीने कापलेल्या कडेला बर (धातूची खरखरीत कूस) राहते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. साठ हजार ठोक्यांत त्यातली एखादी पुढे सरकणारच. मी आता पट्टी दोन जाड पत्र्यांच्या मधे आवळून, कट-ऑफ चाकाने, थांबत-थांबत घासून आकार देतो. एका जागी निळं पडलं तर ती पाकळी बाद. नंतर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने कडेच्या लांबीच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. सगळ्यात स्वच्छ कड फेरिक क्लोराइडमध्ये खाऊ देऊन मिळते, सर्किट बोर्डवाल्यांचं तेच द्रावण. दोन्ही बाजूंना लॅकर लावायचं, आकाराची रेघ खरवडायची, बुडवायचं. हातमोजे आणि चष्मा घालून. सिंकवर एक थेंब पडला तरी डाग जन्मभर राहतो, हे अनुभवाने सांगतोय.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. पत्रा लाटताना त्याला एक दिशा येते, लाकडाच्या रेषांसारखी. पाकळीची लांबी त्या दिशेला असेल तर ती वाकणं जास्त सोसते. एकाच पत्र्यातून फुलासारखी झडप कापली की काही पाकळ्या आडव्या पडणारच. माझ्या फुलात कायम समोरासमोरच्या दोनच पाकळ्या आधी तुटायच्या, मला वाटायचं तिथे ज्वाळ जास्त लागते. आता फिलर गेजच्या पट्टीतून एकेक पाकळी सुटी कापतो आणि मधे एकत्र आवळतो. पट्टी लांबीच्याच दिशेने लाटलेली असते, त्यामुळे दिशा आपोआप बरोबर येते. एक गेली तर तेवढीच बदलायची.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो : आवाज १३० डेसिबलच्या वर सहज जातो, कानात बोळे आणि वर इअरमफ दोन्ही हवेत. बंद जागेत अजिबात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन जमिनीला पक्कं बांधलेल्या स्टँडवर, इंधन लांब, आणि ते बंद करायची कळ इंजिनाच्या मागे नको, बाजूला हवी. नळी जस्त चढवलेली असेल तर ते जस्त आधी काढा, तापलेल्या जस्ताचा धूर माणसाला ताप आणतो.

तुमच्या पाकळ्या निळ्या निघाल्या तर आणखी एक शक्यता तपासा : त्या चालताना जळल्याच नसतील. इंजिन चालू असतं तोवर दर ठोक्याला थंड हवा पाकळीवरून जाते, पेट्रोल असेल तर त्याची वाफ होतानाही ती थोडी गार होते. गॅस थेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात सोडत असाल तर तो दुसरा गारवा मिळत नाही. पण इंधन बंद केलं की हवा थांबते, आणि लालबुंद नळी पाकळीच्या अगदी जवळ तशीच तापलेली राहते. माझ्या दोन झडपा अशा बंद इंजिनात, मी स्टॉपवॉचकडे खूश होऊन बघत असताना गेल्या. इंधन तोडल्यावरही ब्लोअर सुरू ठेवा, नळीची लाली पूर्ण जाऊन वर आणखी मिनिटभर.